अक्काचं ऐक, मग गाडीत बस

श्रवणबेळगोळला जायचं ठरल्यापासून तू मला मोज्यांपासून मुक्कामापर्यंत सगळं विचारलंस. तिथं जाऊन मी बघू काय, हे मात्र विचारलं नाहीस. लग्नानंतरची ही तुझी पहिली क्षेत्रयात्रा. सासूबाई, मामंजी, दीर-जाऊ, नणंद आणि तिची पोरं, शिवाय शेजारचे काका-काकू, म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलर भरलीच. अशा भरल्या गाडीत धाकट्या सुनेचं काय होतं ते मी वेगळं सांगायला नको. पाण्याचं गाळणं कुठंय, मामंजींच्या गोळ्या कुठं आहेत, पूजेचे तांदूळ कुठल्या पिशवीत आहेत, सगळं तिलाच ठाऊक. बाहुबलींचा चेहरा कसा आहे, ते मात्र ती घरी आल्यावर फोटोत बघते.

आमच्या गल्लीतल्या एक वहिनी कितीदा तरी जाऊन आल्यात. परवा सहज विचारलं, चंद्रगिरीवरची ती दगडी जाळी बघितलीत का हो? तर म्हणाल्या, चंद्रगिरीवर बाकीचे गेले होते, मी खाली डबे भरत होते. त्यांना त्यात काही वावगंही वाटलं नाही. तुझं तसं होऊ नये म्हणून आज सविस्तर बोलते.

आधी स्वयंपाकाचं मिटवू, कारण सगळी यात्रा तिथंच अडते. तुझ्या सासूबाईंचा शोधाच्या जेवणाचा, म्हणजे सोवळ्यात शोधून-निवडून केलेलंच खायचा, नियम आहे. तो सांभाळायला त्यांना मदत कर, मनापासून कर. पण नियम एकीचा असताना बाराजणांचा स्वयंपाक सोवळ्यात का म्हणून? मोठ्या क्षेत्रांवर जेवणाची सोय असते, आपल्या पद्धतीची, कंदमूळ नसलेली, सूर्यास्ताच्या आतली. आधी फोन करून किती माणसं येणार ते कळवायचं आणि पोचायची वेळ पाळायची, एवढंच. सासूबाईंपुरती छोटी शेगडी, दोन पातेली आणि ताजं दळण घे. हिवाळ्यात पिठाची मर्यादा सात दिवसांची, म्हणजे आदल्या दिवशी दळून आणलंस तर बहुतेक प्रवास त्यातच भागतो. उन्हाळ्यात तेच पाच दिवसांवर येतं आणि पावसाळ्यात तीनवर. आपल्याकडच्या गाड्या दिवाळी झाल्यावरच दक्षिणेला सुटतात, त्याचं हेही एक कारण असावं.

वाटेसाठी कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि लसूण न घातलेलं भडंग पुरे. दशम्या पहिल्याच दिवशी संपवायच्या. पुढं चार्माडी आणि आगुंबे असे दोन घाट आहेत, तिथं पोरं हमखास उलट्या करतात. त्यांच्यासाठी सुंठ-गुळाच्या गोळ्या वळून ठेव. आलं आपल्याला चालत नाही, सुंठ चालते.

आणि पाणी पी गं. रात्री तू पाणीसुद्धा घेत नाहीस, आणि दिवसा वाटेत संडास कुठं मिळणार म्हणून घोट घोट घेतेस. प्रवासात डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते, त्याचं मूळ इथंच असतं. ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी सांगून टाक, दर दोन तासांनी बरा पेट्रोल पंप बघून गाडी थांबवायची. गाडीतल्या म्हाताऱ्या बायका तोंडानं काही बोलणार नाहीत, पण मनातून तुला दुवा देतील.

निपाणी ओलांडली की स्तवनिधी, म्हणजे आपली तवंदी. तिथं ब्रह्मदेवाला हात जोडल्याशिवाय आपल्यातली कुठलीही गाडी पुढं जात नाही. बेळगावच्या किल्ल्यातली कमलबस्तीही वाटेवरच आहे; बस्ती म्हणजे तिकडचं जैन मंदिर. ती १२०४ ची. आत गेलीस की मान वर करून छताला लटकलेलं ते दगडी कमळ बघ. लोक मूर्तीला नमस्कार करतात आणि बाहेर पडतात, वर कुणी बघतच नाही. तिथून पुढचा पल्ला लांबचा, बहुतेक रात्रीचाच.

आता बेळगोळ, आणि तिथला मोठ्या मूर्तीचा डोंगर, विंध्यगिरी. उघडता उघडता चढायला लागायचं. सहाशेच्या वर पायऱ्या आहेत, सगळ्या खडकातच कोरलेल्या, आणि चपला खाली काढून ठेवायच्या. ऊन वर आलं की तो खडक तव्यासारखा तापतो. चढताना त्रास होत नाही, उतरताना होतो, म्हणून मोजे पिशवीत असू देत. मामंजींच्या गुडघ्यांना झेपणार नाही. डोली मिळते, पण ते नको म्हणतील. त्यांच्याशी वाद तू घालू नकोस, ते काम त्यांच्या मुलाचं. भाव खालीच ठरवून घ्या. चामड्याचा पट्टा, पाकीट, पर्स खोलीवरच ठेवायला सांग.

चढताना सासूबाईंच्या पावलानं चढ. वर पोचलीस की मात्र पहिला थोडा वेळ तुझा, हे खालीच सांगून ठेव. वर गेल्यागेल्या मूर्ती समोर येत नाही. आधी ओदेगल बस्ती लागते, मग त्यागद ब्रह्मदेवाचा खांब, मग एका अखंड शिळेतून कोरून काढलेला दरवाजा, त्याच्या माथ्यावर गजलक्ष्मी. सगळ्यात शेवटी अंगणाचं दार ओलांडलं की एकदम समोर सत्तावन्न फूट. कशाचाही आधार नाही, एकच दगड, उत्तरेकडे तोंड. तिथं सगळे पायांशी गर्दी करतात आणि तिथनं दिसतात फक्त अंगठे. तू मागं सर, समोरच्या ओवरीत भिंतीला टेकून बस, आणि मग मांड्यांवरून दंडापर्यंत चढत गेलेल्या वेलीच्या मागोमाग नजर वर ने. चेहऱ्याला सगळ्यात शेवटी पोच. मोबाइल पिशवीत असू दे, तुझे दीर काढतीलच शंभर फोटो.

ही मूर्ती गंगांच्या राचमल्ल राजाचा मंत्री आणि सेनापती चावुंडराय यानं करवली. परंपरेनं साल सांगतात ९८१. पण मागची कथा अशी, की ओढ होती ती त्याच्या आईला, काललदेवीला. पोदनपूरला भरतानं उभारलेली बाहुबलींची मूर्ती बघायचीच, असा हट्ट तिनं धरला. आईला घेऊन चावुंडराय निघाला आणि वाटेत या डोंगरापाशी थांबला. ती पोदनपूरला पोचली नाही, म्हणून मूर्ती इथं झाली. म्हणजे सगळं सुरू झालं ते एका म्हातारीला यात्रा करायची होती म्हणून. सासूबाई दर वळणावर "अजून किती राहिलं" असं विचारतील ना, तेव्हा हे आठव.

दुसरी म्हातारी अंगणाच्या दाराबाहेर उभी आहे, गुळ्ळेकायी अज्जी. चावुंडरायानं पहिला अभिषेक मांडला, घागरीवर घागरी दूध ओतलं, पण ते कमरेखाली काही उतरेना. मग एक गरीब म्हातारी फळाच्या करवंटीतून चमचाभर दूध घेऊन आली, आणि तेवढ्यानं मूर्ती नखशिखान्त भिजली. कथाच आहे ती. पण राजाच्या सेनापतीनं तिचा पुतळा घडवून तिला मूर्तीच्या समोर उभं केलं, असं सांगतात. सगळे घाईनं आत शिरतात आणि तिच्याकडे पाठ होते. तू थांब.

आणखी एक. मूर्तीच्या पायांच्या दोन्ही बाजूंना दगडावर लेख आहेत. कन्नड आणि तमिळच्या जोडीला तिथं नागरी अक्षरांत मराठीही आहे. मूर्ती चावुंडरायानं करवली, भोवतालची ओवरी गंगराजानं करवली, एवढाच मजकूर. मराठीतल्या अगदी जुन्या लेखांत तो गणला जातो. नणंदेच्या पोरांना तो शोधायला लाव, पंधरा मिनिटं शांतता मिळेल. अभिषेक बघायचा असेल तर वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेव. आणि बायकांना स्वतः करता येतो का, हेही तेव्हाच विचार. प्रत्येक क्षेत्राची रीत वेगळी असते, ऐनवेळी उपाध्यांशी वाद नको. बारा वर्षांनी येणारा महामस्तकाभिषेक २०१८ ला झाला, त्यामुळे आता गर्दी बेताची असते. मला तर बिनगर्दीचं बेळगोळच आवडतं.

आणि खरं सांगू? विंध्यगिरीपेक्षा मला चंद्रगिरी जवळचा. चढ कमी, माणसं त्याहून कमी. मोठी मूर्ती नाही म्हणून अर्धी गाडी खालीच कॉफी पीत बसते. जुनं बेळगोळ खरं तर हेच. भद्रबाहू स्वामी उत्तरेतून संघ घेऊन इथं आले, त्यांच्यामागोमाग चंद्रगुप्त मौर्य आला आणि इथंच त्यानं सल्लेखना घेतली, म्हणजे अन्नपाणी सोडून देह ठेवला, असं आपली परंपरा सांगते. गुंफा आहे, चंद्रगुप्त बस्ती आहे, आणि तिथंच ती दगडी जाळी. दोघांच्या आयुष्यातले प्रसंग तिच्यावर बोटाएवढ्या चौकटींत कोरलेत. पाच मिनिटांत बघून होणारं काम नाही ते. याच डोंगरावर होयसळ राजा विष्णुवर्धनाची राणी शांतला हिनं ११२३ ला शांतिनाथांची बस्ती बांधली. नवरा वैष्णव झाला असं सांगतात, ती जैनच राहिली. पुढं शांतला गेली आणि तिच्या आईनं, माचिकब्बेनं, बेळगोळला येऊन सल्लेखना घेतली. दगडावर लिहून ठेवलंय ते. खडकावरच्या अशा लेखांत आर्यिकांची, श्राविकांचीही नावं आहेत.

गावात उतरलीस की अक्कन बस्तीला जा. होयसळ घडणीची ती बस्ती चंद्रमौळी मंत्र्याच्या बायकोनं, आचियक्कानं ११८१ मध्ये बांधली. मंत्री नवरा, पण बस्तीला नाव तिचं.

आता जरा कानात सांगायची गोष्ट. तुझी तारीख या दिवसांत येते का ते आत्ताच मोज. गोळ्या घ्यायच्या असतील तर परस्पर मेडिकलमधून आणू नकोस. जायच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरबाईंना जाऊन भेट. त्या गोळ्या पाळी यायच्या निदान तीन दिवस आधी सुरू कराव्या लागतात, आदल्या रात्री घेऊन उपयोग नाही. घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झाला असेल, तुझं अर्धं डोकं दुखत असेल, किंवा दिवस राहिल्याची शंका असेल, तर डॉक्टरांना आधी सांग. त्या नको म्हणाल्या तर नको. देवाच्या दारात जायचं म्हणून देहाशी खेळायचं, हे मला तरी मान्य नाही.

आणि आलीच पाळी प्रवासात, तर लपवू नकोस आणि रडूही नकोस. सासूबाईंना सरळ सांग. त्याही यातून गेल्यात. मंदिरात जाता येणार नाही. हा नियम मला कितपत पटतो ते विचारशील तर आपण दोघी एकदा निवांत बसून भांडू, पण ते भांडण गाडीत काढायचं नसतं. त्या दिवशी खोली राखणारी म्हणून तुला कामाला जुंपतील. तेवढं होऊ देऊ नकोस. बेळगोळचे बाहुबली गावाबाहेरूनही दिसतात, डोंगरमाथ्यावर खांद्यापासून वरचे. गावातल्या कल्याणी तळ्याच्या काठानं चक्कर मार. जप करायला मंदिर लागत नाही. दुसऱ्या दिवशी जाऊबाईंना सोबतीला थांबवून घ्यायचं असेल, तर त्यांच्या कलानं घे.

पुढं हळेबीड. तिथं सगळी गर्दी होयसळेश्वराच्या मंदिरात असते, ते बघायचंच. पण तिथनं जवळच बस्तीहळ्ळीत आपल्या तीन बस्त्या आहेत, त्यांना गाडीवाले टाळतात. पार्श्वनाथ बस्तीतले खांब इतके गुळगुळीत आहेत की त्यात तोंड दिसतं. मग चार्माडी उतरून धर्मस्थळ. मंजुनाथाचं देऊळ, पूजा वैष्णव पुजाऱ्यांची आणि कारभार जैन हेग्गडे घराण्याचा, हे गणित आपल्या लोकांना नेहमी चकित करतं. डिसेंबर-जानेवारीत अय्यप्पाला निघालेल्यांचीही गर्दी असते, रांगेत पोरांचा हात सोडू नकोस. तिथले बाहुबली १९८२ चे, ३९ फूट. वेणूरचे १६०४ चे, ३५ फूट. कारकळचे १४३२ चे, ४२ फूट. पोरांना आकडे पाठ करायला दे, मोठ्यांपेक्षा तेच लक्षात ठेवतील. कारकळला बाहुबलींच्या टेकडीसमोर चतुर्मुख बस्ती आहे, १५८६ ची. चारही दिशांनी सारखंच दार, त्यामुळे चपला कुठल्या दाराशी काढल्या ते लक्षात ठेव.

मूडबिद्रीला मात्र पूर्ण दिवस हवा, याबाबत कुणाचं ऐकू नकोस. अठरा बस्त्या आहेत. १४३० ची साविर कंबद बस्ती, म्हणजे हजार खांबांची, सगळे बघतातच. एका खांबासारखा दुसरा नाही म्हणतात, आणि वरची छपरं उतरती, कोकणातल्या पावसाची आठवण करून देणारी. दुपारी बस्त्या बंद होतात. सिद्धांत दर्शनाच्या, म्हणजे रत्नांच्या मूर्ती आणि ताडपत्रं दाखवण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या सकाळीच विचार.

ती ताडपत्रं म्हणजे धवला, जयधवला, महाधवला हे आपले जुने सिद्धांतग्रंथ. कैक पिढ्या ती इथं कुलपात होती. त्यांचं फक्त दर्शन घ्यायचं, वाचायचं कुणी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी यांनी नकला करून घ्यायचं मनावर घेतलं. ते काम गजपती उपाध्यांकडेही आलं, आणि त्यांनी घरी गुपचूप आणखी एक कानडी प्रत तयार केली, ती त्यांच्या विदुषी पत्नीच्या, लक्ष्मीबाईंच्या मदतीनं. ती प्रत बाहेर पडली, तिच्यावरून आणखी नकला झाल्या आणि १९३९ ला आपल्या अमरावतीहून धवलेचा पहिला भाग हिंदी अनुवादासह छापून निघाला, हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली. गुपचूप केलं ते बरं की वाईट, यावर पंडितांनी पुष्कळ वाद घातला. मला विचारशील तर त्या बाईंनी घरातलं सगळं आवरून, दिव्याच्या उजेडात बसून लिहिलं असणार, आणि मी त्यांच्या बाजूची आहे. गुरुबस्तीत उभी राहशील तेव्हा त्यांचंही नाव घे.

परतीच्या वाटेवर वरंग. तळ्यात बस्ती, नावेनं जायचं, नावेत एका वेळी थोडीच माणसं घेतात. तिथं सासूबाईंच्या नावेत तूच बस, त्यांना पाण्याची भीती वाटते. आगुंबे चढलं की हुमचा. पद्मावती मातेची ओटी तिकडे मिळते, पण खण-नारळ घरूनच न्यावा, आपल्या मनासारखा. ओटी भरताना बायका कानाशी येऊन "आता गोड बातमी" म्हणतील. हसून सोडून दे. ओटी कशासाठी भरलीस ते तुझं आणि मातेचं. हुमच्याची पंचकूट बस्ती चट्टलदेवी राणीनं १०७७ मध्ये बांधून घेतली, हेही त्या बायकांना सांग, विषय बदलेल.

दानाचं एक राहिलं. प्रत्येक क्षेत्रावर पावती फाडतात आणि नाव विचारतात, तेव्हा उत्तर नेहमी पुरुष देतात. आचियक्काचं, शांतलेचं, चट्टलदेवीचं नाव आठ-नऊशे वर्षं दगडावर टिकलं, आणि आपलं कागदाच्या पावतीवरसुद्धा येत नाही, त्यात 'व परिवार' असतं. तू शिकवण्यांचे पैसे साठवलेस ना, त्यातले थोडे वेगळ्या पाकिटात ठेव. निदान एका ठिकाणी, जिथं तुला वाटेल तिथं, स्वतः खिडकीशी जा आणि स्वतःचं पूर्ण नाव सांग. सासूबाईंनाही विचार, तुमच्या नावानं फाडू का? बघ त्यांचा चेहरा.

त्यांच्याशी हे सगळं निघायच्या आधीच बोलून घे, गाडीत बसल्यावर नको. "मला या वेळी चंद्रगिरी नीट बघायचाय, तुम्ही चला माझ्याबरोबर" असं म्हण. तक्रारीसारखं बोललीस तर ऐकणार नाहीत, बोलावणं केलंस तर येतील. मग गाडीतल्या सगळ्यांची नावं एका कागदावर लिही. पाणी कुणी गाळायचं, पिशव्या कुणी उतरवायच्या, सासूबाईंची पातेली कुणी घासायची, दिवसागणिक वाटून टाक आणि कागद ड्रायव्हरच्या मागच्या काचेवर चिकटव. पातेल्यांच्या रकान्यात पहिल्या दिवशी तुझ्या नवऱ्याचं नाव घाल. दिराचं घातलंस तर जाऊबाई तवंदीपासूनच रुसून बसतील.